डोंगर पेटतो तेव्हा

इथे आइसलँडमध्ये माझी सुट्टी असली की समोरचा ज्वालामुखी गप्प बसतो, आणि मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबत असले की हमखास पेटतो. त्यामुळे माझ्या सगळ्या फोटोंत नुसता काळा, थंड डोंगर आहे.

आजही मी कांदा चिरत असताना खिडकीची काच लाल झाली. कॅमेरा खोलीवर. सोबत काम करणारी सुनीता म्हणाली, "अगं, नेटवरून घे की एखादा फोटो!"

"दुसऱ्याची सुट्टी मी कशाला माझ्या भिंतीवर लावू?"

हा डोंगर कुणाला विचारून पेटत नाही. जन्मभर घड्याळाकडे बघत जगलेल्या मला त्याचं हेच आवडतं. भिंतीवर मी तो थंड डोंगरच लावणार. कुणी विचारलंच, "यात आग कुठंय?", तर मान वर करून सांगेन, "तो पेटला तेव्हा मी कामावर होते."