बघायची मला आहे

"भिंत तुमची असेल, पण रोज बघायची मला आहे." कमरेवर दोन्ही हात ठेवून, हनुवटी वर करून तो हे म्हणायचा. वयानं मोठा होता, गल्लीत सगळे त्याला 'ते' म्हणत. मी म्हणणार नाही. असा एक शेजारी तुमच्याही नशिबी आला असेल, तर तुम्ही मला समजून घ्याल.

भेस्तानला आमच्या सोसायटीत दोन घरांमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ असायची. आमच्या बाजूची बोळ त्याच्या मालकीची. कडोदऱ्याच्या एका कापड कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे मागांवरचा मुकादम. दिवसभर कामगारांवर ओरडायचं आणि घरी आल्यावर उरलेलं गल्लीवर. स्वतःच्या घराला त्यानं समोरून गुलाबाच्या फुलांच्या टाइल्स लावल्या होत्या, न्हाणीघरात लावतात तसल्या. धुळ्याकडून पाहुणा आला की आधी त्या टाइल्सवरून हात फिरवून दाखवायचा, मग पाण्याचं विचारायचा.

आम्ही वरची खोली बांधली ती बाबांसाठी. बाबांना दमा. पश्चिमेची, त्याच्या बोळीकडची भिंत नुसत्या विटांची राहिली होती, आणि आमच्याकडे पाऊस मारतो तो नेमका त्याच बाजूनं. पहिल्याच पावसाळ्यात भिंत आतून ओली झाली, गाद्यांना बुरशी आली, बाबा बसल्या बसल्या झोपायला लागले. पुढच्या पावसाआधी बाहेरून गिलावा करणं भाग होतं. मिस्त्री म्हणाला, "करतो की. पण बांबू उभे करायला बोळच लागेल."

मी विचारायला गेलो.

"टाइल्स लावणार असशील तर खुशाल कर बांबू उभे," तो म्हणाला. "माझी खिडकी तिकडंच आहे. तो राखाडी गिलावा बघत मी चहा पिऊ का?"

"काका, टाइल्स नाही परवडत. बाबांची खोली गळते हो."

"मग लाव टाइल्स. बाबाही खूश होतील."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सोसायटीतली चार जाणती माणसं मध्ये घातली, त्यांनाही तो हेच ऐकवून मोकळा झाला. उन्हाळा सरत आला तशी बायको म्हणाली, "गिलावा राहू द्या. पत्रे ठोका, गच्चीवरून." मिस्त्रीनं गच्चीवरून दोरांनी फळी सोडली आणि शेजारी पाळीला गेल्यावर सगळी भिंत वरपासून खालपर्यंत पत्र्यांनी मढवून टाकली. बोळीत कुणी पाय ठेवला नाही.

संध्याकाळी आल्यावर त्यानं मान वर करून बघितलं. "हे घर आहे की गोदाम?"

"बघू नका," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःची खिडकी विटांनी बुजवून घेतली. त्या खोलीला तेवढी एकच खिडकी. त्याची बायको, आमच्या काकू, भर दुपारी बल्ब लावून भाजी निवडू लागल्या. आमची भिंत त्या पावसात कोरडी राहिली, बाबा आडवे होऊन झोपू लागले, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पुढं त्याला अर्धांगवायूचा झटका आला. त्याच खोलीत तो पडून असे. दुपारी वीज गेली की बाबा हातपंखा घेऊन त्याच्याकडे जायचे, ते मला मुळीच खपत नसे. "अरे, आत जीव घुसमटतो रे," बाबा म्हणायचे. एकदा त्यांनी त्याला सांगूनही पाहिलं: खिडकी उघड, पत्र्याला तू म्हणशील तो रंग पोरगा देईल.

"टाइल्स," तो वाकड्या तोंडानं म्हणाला. हा शब्द बरा नीट निघाला.

तो ऐन मे महिन्यात गेला. मी खांदा दिला, पण राग गेला नाही, आजही आहे.

तेरावं झाल्यावर काकूंनी मिस्त्रीला बोलावलं आणि मलाही यायला सांगितलं. विटा निघाल्या, धूळ खाली बसली. समोर माझा पत्रा होता, खिळ्यांपाशी थोडा गंजलेला. काकू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मागं वळून हार घातलेल्या फोटोला त्यांनी विचारलं, "याच्यासाठी होय?"

खाट ओढून त्यांनी खिडकीखाली घेतली आणि पत्र्याकडे तोंड करून बसल्या.