पिक्चरचा शेवट आईले समजला

दोस्तहो, दुपारपासून माझीच मले लाज वाटून राहिली.

कोहका वस्तीतल्या आमच्या घरी आईसोबत एक थ्रिलर पाहिला. खाणीत बेपत्ता झालेला हिरो शेवटी घरी येते, बायको ताट वाढते अन् पिक्चर संपते. तो खरंच आला की तिले भास झाला, सांगतच नाही. मी मोबाइलवर उत्तर शोधून राहिलो होतो.

आई म्हणाली, "तो आलाच नाही."

मी हसलो. "तुले काय समजते त्यातलं?"

"तुझे बाबा स्टील प्लांटमधून आले का, मी पहिले त्यायचे हात पाहत होती, बोटं शाबूत आहेत का म्हणून. हिनं तर नवऱ्याकडं पाह्यलंच नाही."

मी त्याच घरात वाढलो. तिचं ते पाहणं मले कधी दिसलंच नाही, अन् म्हणे, तिले समजत नाही! तुमच्या तोंडून आईले कधी असं बोललं गेलं का?