म्हैसमाळचा हत्ती आणि मामांचा बांबू

फुलंब्रीच्या मामेबहिणीचा, सोनलचा फोन आला. "दादा, लग्नाआधीच्या व्हिडिओत हत्ती पाहिजे." खरा हत्ती परवडत नाही, म्हणून माझी आठवण. खऱ्या चित्रीकरणात कॉम्प्युटरवरच्या वस्तू बसवणं हा माझा धंदा.

पुण्याहून सकाळची एसटी धरा. नगरपर्यंत झोप लागते, पुढची जबाबदारी खड्डे घेतात. संभाजीनगरहून फुलंब्री जवळच, पण मामांच्या घरातली हवा तापलेली. नवरा सोनलनं स्वतः पसंत केलेला, त्यामुळे मामा त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हते. लग्न ठरलं तरी अनिकेत त्यांच्या लेखी 'ते पोरगं'च होतं.

"लग्नात तरी बोलतील ना रे पप्पा?" सोनलनं विचारलं. हत्तीपेक्षा तिला हीच काळजी. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरणाला खुलताबादमार्गे म्हैसमाळच्या डोंगरावर. वाटेत सीताफळं घ्या, पण पिकलेली मागून. अनिकेत वरच भेटला. पोरीला एकटं कसं सोडायचं, म्हणून मामाही आले होते.

हत्ती नंतर येणार, पण दोघांची नजर आत्ताच त्याच्या डोळ्यांवर हवी. त्यासाठी उंच बांबूला लाल फडकं बांधून कुणीतरी हत्तीच्या जागी उभं राहावं लागतं. कॅमेरा माझ्या हातात, मोकळे फक्त मामा.

"मी व्हय हत्ती?"

"नुसतं उभं राहायचं, मामा."

"सोंड बी हलवू का?"

अनिकेत मामांच्या डोक्यावरच्या फडक्याकडे भक्तिभावानं बघत मागं मागं सरकू लागला. मागं उतार होता.

"अय, मागं बघ! पाय घसरल!" मामा ओरडले. ओळख झाल्यापासूनचं हे पहिलं वाक्य. तो घसरलाच. मामांनी बांबू टाकला, धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि परत येऊन मुकाट्यानं हत्ती झाले.

पुण्यात येऊन मी मामांना सफाईनं पुसलं, तिथं हत्ती उभा केला. सावलीसकट. स्वतःवरच खूश होऊन सोनलला पाठवला.

"हत्ती भारी आहे. पण पप्पा कुठंयत?"

"हत्तीच्या पोटात."

"मग हत्ती काढ."

काढला. आता व्हिडिओत एक माणूस बांबू टाकून धावतो आणि नवरदेवाचा दंड धरतो. वाटेत घेतलेली सीताफळं केव्हाच संपली होती, तेव्हा व्हिडिओ बघून मामांचा फोन आला.

"भाचेबुवा, आपला हत्ती कुठं गेला?"

"सोनलनं काढायला लावला."

"बरं केलं. अन् वरातीत जावईबापूंना घोड्यावर बसवू नका म्हणावं. पाय लई घसरतो त्यांचा."