कामावर नसलेली बाई

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बऱ्याच केसेस विस्मरणात गेल्या, पण नाशिकमधल्या शेवटच्या नेमणुकीतली एक केस आठवली की अजूनही डोकं तापतं. कोणाचं नाव लिहीत नाही.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत तेव्हा जिकडे पाहावं तिकडे इमारती उठत होत्या. अशाच एका साइटसमोर राहणारे एक निवृत्त गृहस्थ रोज ठाण्यात फोन करायचे. मिक्सरचा आवाज, धूळ, रस्त्यावर सांडलेली खडी, काही ना काही तक्रार असायचीच. ठाणे अंमलदार त्यांना कंटाळला होता. एका दुपारी त्यांनी थेट मलाच गाठलं.

"साहेब, आज मिक्सर बंद आहे."

"मग बरंच झालं की, काका."

"बरं कसलं? सकाळी माल चढवायची लिफ्ट धाडकन खाली आली. एका बाईला उचलून रिक्षातून नेलं. आणि आता ही माणसं लिफ्टची तार सोडवून टेम्पोत भरतायत. तुम्ही येताय की पुन्हा फोन करू?"

रुग्णालयातून आमच्याकडे आलेली खबर वेगळीच होती. बाई जिन्यावरून पडली, पायाला मार, सोबत आणणाऱ्याने तसं सांगितलं. मी गाडी काढली. टेम्पो गेटमध्येच अडवला आणि पंचांसमक्ष तार जप्त केली. ती इतकी गंजली होती की नुसत्या हाताने तिचे पीळ उकलत होते.

ठेकेदार शांतपणे म्हणाला, "बाई आमच्या कामावर नव्हतीच. नवऱ्याला डबा द्यायला आली आणि मध्येच घुसली." जिन्याचं काय झालं, असं विचारलं तर त्याने मुकादमाकडे बोट दाखवलं. मजूर आणायचं काम त्या मुकादमाचं. तो म्हणाला, "बाई आमच्या कामावर नव्हतीच. नवऱ्याला डबा द्यायला आली आणि मध्येच घुसली." वॉचमनही तेच म्हणाला. खरं बोलणारी माणसं एकच गोष्ट आपापल्या तऱ्हेने सांगतात, थोडं चुकतात, एकमेकांना खोडतात. इथे सगळ्यांचं वाक्य शब्दाला शब्द एकच होतं. पण खरा वैताग आला तो नवऱ्याचा जबाब घेताना. त्यानेही तेच वाक्य म्हटलं.

या एका वाक्यावर सगळं अडलं होतं. बाई कामगार ठरली, तर भरपाई द्यावीच लागते, मग चूक कोणाचीही असो. बाहेरची ठरली, तर तिने दिवाणी कोर्टात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करत वर्षं घालवायची. आणि तिचं नाव साइटवर कुठेच नव्हतं. अशा कामांवर नवरा-बायकोची जोडी धरतात आणि मजुरी नवऱ्याच्या हातात देतात. बाई घमेली वाहते, पण कागदावर ती नसते.

नवरा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. मी त्याला ठाण्यात बसवलं, चहा दिला.

"बायको रोज डबा आणायची?"

"हा, साहेब."

"कुठून?"

"घरून."

"घर कुठंय?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मी पुन्हा विचारलं.

"इथंच. बिल्डिंगच्या मागं, पत्र्याच्या शेडात."

"म्हणजे तू राहतोस साइटवर, काम करतोस साइटवर, आणि डबाही साइटवरून साइटवरच येतो?"

त्याने मान खाली घातली. "मुकादम म्हनला, बाईला कामावर तूच आनली. पोलिसात गेलं तर गुन्हा तुझ्यावरच पडंल. आन आमच्या पाड्यावरच्या कोनालाच परत काम नाय देनार."

मी कपाळावर हात मारून घेतला. बायकोचा पाय गुडघ्याखाली चेंगरला होता आणि हा माणूस आपल्यालाच अटक होईल म्हणून भीत होता. त्याच संध्याकाळी तिचा पाय कापावा लागला.

पुढे ती शुद्धीवर असून बोलू शकते असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर आमच्या महिला हवालदाराने तिचा जबाब घेतला. मग हवालदार शेडवर गेली आणि तिथल्या बायांशी बोलली. घटना घडली तेव्हा त्याच सगळ्यात जवळ होत्या. तोवर त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांना ते वाक्य शिकवायचंही कोणाला सुचलं नव्हतं.

"आमी सगळ्याच लिफ्टमधी घमेली ठेवत व्हतो," त्यातली एक म्हणाली. "तार वाजती म्हनून मुकादमाला सांगितलं. तो म्हनला, आज स्लॅब हाय, उद्या बघू."

ठेकेदार आणि मुकादम दोघांवर गुन्हा दाखल झाला. मला वाटलं, आता सरळ मार्गी लागलं. दुसऱ्याच आठवड्यात ठेकेदाराचा वकील स्टॅम्पपेपर घेऊन वॉर्डात हजर. उपचाराचा खर्च मिळाला, यापुढे कसलाही दावा नाही, असा मजकूर. नवरा अंगठा उमटवायच्या तयारीत होता. हवालदाराने मला फोन केला म्हणून पोहोचलो.

बाईने मला एकच विचारलं. "साहेब, तुमी ठेकेदाराला आत टाकलं तर मला काय भेटंल?"

"आमच्या केसमधून काही नाही," मी म्हणालो. "ती शिक्षेची केस. भरपाईचा अर्ज वेगळा, तो कामगार न्यायालयात करायचा. तिथे कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. कामावर असताना लागलं, एवढं पुरतं. मुकादमाने आणलं असेल तरी मालकाला जबाबदारी झटकता येत नाही. आणि असा कागद करून दिला तरी हक्क जात नाही, पण हे लोक तो पुढे करून तुम्हाला दमवतील. वकिलाला पैसे द्यावे लागत नाहीत. जिल्हा न्यायालयात विधी सेवा आहे, बाईमाणसाला फुकट वकील मिळतो. फक्त दोन वर्षांच्या आत जा."

नवरा म्हणाला, "पन साहेब, पाड्यावरची मानसं..."

"कागद परत दे त्यांना," बाई म्हणाली. नवऱ्याने दिला.

कामगार न्यायालयात पंचनाम्यासाठी मलाही बोलावलं होतं. ठेकेदाराच्या वकिलाने पुन्हा तीच गोष्ट मांडली. बाई कामगार नाही, हजेरीत नाव नाही, खुद्द नवऱ्याचा पहिला जबाब तसा आहे. मग त्याने नवऱ्याची उलटतपासणी सुरू केली.

"तुमची बायको त्या दिवशी तिथे काय करत होती?"

"काम."

"कोणाचं काम?"

नवऱ्याने ठेकेदाराकडे पाहिलं. "ह्यांचं. माझ्याइतकंच करायची."

वकिलाने पहिला जबाब वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "तवा भ्यालो व्हतो." त्याला आणखी काही विचारलं गेलं नाही. भरपाईचा आदेश झाला, तोही बाईच्या नावाने.

खोटं बोलणाऱ्या गुन्हेगाराचा मला कधी राग आला नाही, ते गृहीतच असतं. इथे कायदा बाईच्या बाजूने होता, पुरावा होता, साक्षीदार होते. तरी प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी तिला घरी बसवायला उभं होतं, आणि त्यात तिचं स्वतःचं माणूसही होतं. मला ही केस एवढंच शिकवून गेली की हक्क आहे हे माणसाला नुसतं सांगून भागत नाही. कोणत्या दारात जायचं आणि कशावर अंगठा द्यायचा नाही, हेही त्याच दिवशी, त्याच खाटेशेजारी सांगावं लागतं.

फौजदारी केस अजून चालू आहे. गेल्या तारखेला मी साक्षीला गेलो. ती नवऱ्याबरोबर एसटीने पेठहून आली होती, कृत्रिम पायावर कोर्टाच्या पायऱ्या एकेक करत चढली. आरोपीचे वकील आजारी, पुढची तारीख पडली. मीच जास्त वैतागलो होतो.

"परत यावं लागेल," मी तिला म्हणालो.

"येऊ की," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरू लागली.