यादोरावांचा फळा

कोजागिरी उलटून चार दिवस झाले होते, आणि भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळच्या फळ्यावर अजून कोजागिरीची कव्वालीच होती. फॅक्टरीच्या बसमधून उतरले, फळा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. फॅक्टरीच्या वसाहतीतून, म्हणजे जवाहरनगरहून, मी आठवड्याला बाजाराच्या नावाखाली यायची, पण खरी यायची ती हा फळा वाचायला. पिशवी काखेत मारून तरातरा यादोरावांच्या दुकानाकडे निघाले. चार शब्द सुनावायचे म्हणून तयारही करून ठेवले होते. दुकानाला कुलूप. शेजारच्या चहावाल्यानं स्टोव्हची वात बारीक केली आणि माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुमाले कोणी सांगतलं नाही का जी? यादोभाऊ गेले. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. चहा मागवला होता, मी घेऊन गेलो तं..." मी तिथंच बाकावर बसले. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. ज्या माणसानं इतकी वर्षं अख्ख्या गावाला सगळं आधी सांगितलं, त्यानं स्वतः असं न सांगता जावं?

ज्यांनी तो फळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यादोराव धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, खतांच्या जाहिराती, हे सगळं पोटासाठी. फळा मात्र स्वतःच्या हौसेचा. पत्र्याचा, काळा रंग दिलेला, दारापेक्षा जरासा मोठा. दर सोमवारी सकाळी ते स्टूल घेऊन यायचे आणि पुढच्या पंधरवड्यात गावात नि आसपास जे काही गायलं-वाजवलं जाणार असेल ते पांढऱ्या रंगात लिहायचे. कव्वालीचा मुकाबला, नागपूरचा ऑर्केस्ट्रा, बुद्धविहारातली भीमगीतं, मारुतीच्या देवळातलं कीर्तन, आंधळगावची खडी गंमत म्हणजे इकडचा तमाशा, आणि वर्षातून एखाददुसरं शास्त्रीय गायन... सगळं एका मापाच्या अक्षरांत. एका ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरनं एकदा हट्ट धरला की आमचं नाव लाल रंगात आणि मोठं पाहिजे. यादोराव म्हणाले, "लाल रंग संपला ना जी." लाल रंगाचा डबा त्या मॅनेजरच्या पायाशीच उघडा होता! फळा लिहून झाला की सायकलरिक्षाला भोंगा बांधून ते गावभर फिरायचे. "या जी, बसा जी, पसंत नाही पडलं तं उठून जाजा, पन एक डाव ऐकून पाहा!" ही त्यांची जाहिरात. यात कुणी सम्राट नसे, कुणी महर्षी नसे.

मी मूळची मिरजेची. आठ वर्षं माईंकडे गाणं शिकले. माई म्हणजे माझ्या गुरू, सगळं गाव त्यांना माईच म्हणे. लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आले आणि तंबोरा खोळ घालून कपाटावर चढवला. नवऱ्यानं कधी अडवलं नाही. उलट बिचारा अधूनमधून विचारायचा, 'आज बसणार का गायला?' मीच फणकारायची, "इथं धानाच्या बांध्यांमध्ये कोण ऐकणार आहे माझं?" हे वाक्य मला इतकं सोयीचं होतं की ते सहा वर्षं पुरलं. सहाव्या वर्षी माईंचं नागपूरला गाणं ठरलं, आणि नंतरचे दोन दिवस त्या मोकळ्या होत्या. त्यांना भंडाऱ्याला बोलावलं ते कशासाठी, हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्यांनी यावं, बघावं आणि मला सांगावं की तू परत गा... किंवा सांगावं की सोड आता. दोन्हींतलं काहीतरी एकदाचं ठरावं.

क्वार्टरमधल्या आमच्या मंडळाची चिटणीस या तोऱ्यात मी पहिल्यांदा यादोरावांकडे गेले. "शास्त्रीय गायन, रविवारी सकाळी दहा वाजता," मी सांगितलं. ब्रश पुसत ते म्हणाले, "शनिवारी करा जी. रविवारी करडीची मंडई हाय." आमच्याकडच्या लोकांना सांगायला हवं, इथं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, घरोघर पाहुणे, दुकानं, पाळणे, आणि भर दुपारी दंडारी रंगतात. दंडार म्हणजे इकडचा नाचगाण्याचा खेळ, शेतकरीच तो करतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. रविवारी फॅक्टरीला सुट्टी, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हणाले, "दंडारीतले लोक माझ्या कार्यक्रमाला तसेही येणार नाहीत." अगदी याच शब्दांत म्हणाले. आज लिहितानाही कान तापतात. त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी गाता का जी?"

"गात होते."

"मंग बंद कोणं केलं?"

मी आणखीच चिडले. "तुम्ही रविवार लिहा," म्हटलं आणि निघाले. त्यांनी रविवार लिहिला. भोंग्यावरूनही तीन दिवस तितक्याच प्रेमानं सांगितला.

त्या रविवारी शाळेच्या सभागृहात तीनशे खुर्च्या आणि अकरा माणसं. त्यातले दोघे मंडपवाल्याचे! क्वार्टरमधले बंगाली, पंजाबी, मद्रासी, सगळे कुणाच्या ना कुणाच्या घरी मंडईचे पाहुणे होऊन गेलेले. माझ्या नवऱ्यालाही त्याच्या सेक्शनमधल्या माणसानं करडीला जेवायला बोलावलं होतं. माझ्या धाकानं तो थांबला होता इतकंच. आणि कहर म्हणजे तबलजी. तो करडीचा जावई निघाला. 'सकाळी तोंड दाखवून येतो' म्हणून गेला तो गेलाच. माई तंबोरे जुळवून बसल्या होत्या. इथं ऐकणारं कुणी नाही, हे सहा वर्षं मी सांगत आले होते. आज ते माईंच्या देखत खरं ठरत होतं, आणि मला ते खरं नको होतं. अगदी नको होतं, हे मला तिथं, त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघताना कळलं.

साडेदहाला यादोराव आले. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगतलं होतं ना जी. तसलं काही नाही. सरळ माईंपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. "माय, ऐकणारे सारे करडीले हायत. तबलेवाला बी तिथंच जेवून राहिला. चालता का?"

"अहो, काहीतरीच काय!" मी जवळजवळ किंचाळले. "माई त्या जत्रेत गाणार?"

माईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग आपण इथं काय करतोय?" म्हणाल्या आणि उठल्या.

मंडपवाल्याचा ट्रक होता. माई ड्रायव्हरशेजारी, मांडीवर तंबोरा आडवा. मागे सतरंज्यांवर मी, दुसरा तंबोरा पोटाशी धरून, माझा नवरा, भोंगा नि बॅटरी सांभाळत यादोराव, आणि त्या अकरांतले उरलेले झाडून सगळे. वैनगंगा ओलांडली, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या रांगा पसरलेल्या. मी दर खड्ड्याला तंबोरा सावरत होते आणि यादोराव शेजारच्याला विचारतायत, "शिंगाडे खाता का?" मी तोंड फिरवून बसले.

करडीला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. पिपाण्या, जिलेबीचा घाण्यासारखा फिरणारा झारा, पाळण्यांची करकर, आणि मधोमध एका झाडाखाली दंडार भरात आलेली. यादोराव दंडारीच्या म्होरक्याच्या कानाला लागले. पांढऱ्या मिशांचा शेतकरी, पायांत घुंगरू. त्यानं विचारलं, "किती येळ?" "अर्धा घंटा." "मंग बसवा ना पाहुणीले. येवढ्या दुरून आली." झालं. एवढ्यावर परवानगी! कुठून तरी तबलजीही उगवला, हात धुतलेले, मान खाली. माई म्हणाल्या, "सकाळ गेली, आता सारंग गाऊ." यादोरावांनी भोंगा तोंडाशी धरला. "मंडळी, मिरजेच्या माय आल्या. पाहुणा आला तं आपण त्याले जेवू घालतो. याईले आज कान द्या."

पहिली दहा मिनिटं कठीण गेली, खोटं कशाला सांगू. पोरं ओरडत होती, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. माईंनी घाई केली नाही. हळूहळू पुढचे बसले, मग मागचे. दंडारीचा ढोलकीवाला पुढं सरकून तबल्याच्या हातावर डोळे लावून बसला, आणि समेवर त्याची मान अशी अचूक पडायला लागली की माईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तो एकटा राहिला नाही. कुणी न शिकवता पन्नास-शंभर माना एकदम पडत होत्या. ट्रकमधल्या धुळीनं माईंचा आवाज मध्येच धरला. मागे तंबोऱ्यावर मी होते. त्यांनी न वळता हातानं खूण केली... घे. मी सहा वर्षांनी सूर लावला. फाटला. दुसऱ्यांदा लावला, थरथरला, पण उभा राहिला. समोर एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती, तिनं मान डोलावली. बस्, मग मी गायले. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला आणि म्होरक्या घुंगरू सोडून ऐकत बसला. त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

परत निघताना यादोराव मला म्हणाले, "आवाज बसून गेला हाय तुमचा. पडून होता ना. चालता ठेवा." आणि माई ट्रकमध्ये चढता चढता एवढंच बोलल्या, "ऐकणारे आहेत गं इथं. तुझं कारण संपलं."

तंबोऱ्याची खोळ मी दुसऱ्याच दिवशी काढली. रियाज सुरू झाला, गणपतीत, भजनात, कुणाच्या बारशात गायले. आणि मंडयांना जाऊ लागले, यादोरावांच्या मागे लागून. कव्वाली कुठं वर चढते, खड्या गंमतीत डफावरची थाप कशी बोलते, हे मला त्यांनी दाखवलं. आमचं भांडण व्हायचं, कडकडून. ऑर्केस्ट्रातल्या एका पोराची मी टिंगल केली तर दोन आठवडे बोलले नाहीत. पण स्वतःची अशी मैफल... ती काही मी केली नाही. दरवर्षी दसरा झाला की यादोराव विचारायचे, "बाई, तुमचं नाव लिहू का यंदा?" मी म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." आवाज तयार नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, सासूबाई आल्या आहेत. दहा-बारा वर्षं झाली असतील. ते कधी रागावले नाहीत, मला मेलीला त्याचंही काही वाटलं नाही. भीती होती, दुसरं काय! त्या तीनशे रिकाम्या खुर्च्या माझ्या डोक्यातून गेल्याच नव्हत्या. यंदाही दसऱ्यानंतर त्यांनी विचारलं. यंदाही मी तेच सांगितलं.

तेरवी झाल्यावर दुकानात गेले. आता दुकान त्यांची मुलगी वनिता बघते. अक्षर बापासारखंच, जरा घाई जास्त. आतल्या भिंतीवर खडूनं यादी होती, यंदाच्या साऱ्या मंडयांची, गाव नि वार, आणि शेजारी भंडाऱ्यातले कार्यक्रम. शेवटच्या मंडईनंतरच्या रविवारापुढे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "हे लिहायचं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही काकूजी," वनिता म्हणाली. "बाबा दरवर्षी एक दिवस असा सोडून ठेवत जात. त्या दिवशी कोणत्याच गावची मंडई नाही, आन कोणी कार्यक्रम मागाले आला तं त्याले दुसरा दिवस सांगत. तो दिवस जवाहरनगरच्या बाईचा हाय, म्हणत. तुमी नाही म्हणल्या का मंग दुसऱ्याले देत. यंदा कोणाले द्याच्या आधीच गेले."

मला दरवर्षी वाटायचं, ते सहज विचारतात. चहा घेता का, तसं. त्या रंगाच्या डब्यांमध्ये बसून मी इतकी रडले की वनिता घाबरली. पाणी दिलं, पदरानं वारा घातला. शांत झाल्यावर मी तिला म्हटलं, "लिही."

"काय लिहू?"

"माझं नाव. शास्त्रीय गायन. सकाळी दहा."

तिनं माझ्यादेखत भिंतीवर लिहिलं, आणि सोमवारी फळ्यावर. शाळेचं तेच सभागृह ठरलं आहे. तबलजीही तोच, आता केस पिकलेला, आणि त्या दिवशी कुठल्याही सासुरवाडीला जाणार नाही असं त्यानं कबूल केलं आहे. भीती वाटते का? वाटते. आवाज चाळिशी ओलांडलेला आहे, तार सप्तकात दम लागतो. पण मी बसणार आहे. त्या रविवारी तालुक्यात कुठं मंडई नाही, गावात दुसरा कार्यक्रम नाही, यादोरावांनी सगळं बघून दिवस मोकळा ठेवला आहे. तुम्हाला न येण्याला काही कारण उरलेलं नाही, आणि मला न गाण्याला.