देवराईचा ऊद

आपल्याकडे ऊद म्हणजे तिन्हीसांजेला बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर टाकायची चिमूट. शारजात ऊद म्हणजे लाकूड, आणि चांगलं असलं तर दागिन्यांसारखं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं. गुणवंत साळवीचं लहानपण पहिल्या उदाच्या वासात गेलं आणि पुढं पोट दुसऱ्यावर चाललं.

माणूस सरळ. इतका सरळ की व्यापारात त्याला कुणी घेतलं कसं, याचंच नवल. मुंबईत मशीद बंदरला अत्तराच्या पेढीवर होता, तिथून एक्क्याण्णव साली मधूशेठनी त्याला शारजात आपल्या उदाच्या कंपनीत आणलं. मधूशेठही कोकणातलेच, संगमेश्वराकडचे. ‘आपला माणूस’ म्हणून आणला. परदेशात ‘आपला माणूस’ म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहावं, हे शहाणपण विमानतळावर कुणी शिकवत नाही.

अल मजाजला खाडीसमोर चौथ्या मजल्यावर घर. बायको अनुराधा, मुलगी अवनी. अवनीची शाळा दुबईत, ऊद मेथाला. रोज बसमध्ये तासन्‌तास ट्रॅफिक. दमून घरी आली की बापाच्या शर्टाला नाक लावायची आणि म्हणायची, “बाबा, यू स्मेल लाइक अ वेडिंग.” अरबांच्या लग्नात ऊद जाळतात म्हणून. गुणवंत खूश व्हायचा.

आता हा ऊद येतो कुठून, ते ऐका. बोर्निओच्या घनदाट रानात अगरूचं झाड असतं. सगळ्या झाडांत ऊद नसतो. ज्याला जखम होऊन कीड लागते, त्याच्याच पोटात ते काळं, सुगंधी लाकूड धरतं. बाहेरून दिसत नाही. रानातल्या माणसांना मात्र कळतं, आपण फणस टिचकी मारून ओळखतो तसं. ती मोजकी झाडं तोडतात आणि बाकीची उभी ठेवतात. कंपनीच्या लाकूडतोड्यांना एवढा धीर कुठला! दिसेल ते झाड आडवं करतात आणि मग पोटात काय आहे ते बघतात.

गुणवंत वर्षातून दोनदा माल पारखायला तिथं जायचा. नदीतून दोन दिवस होडीनं वर गेलं की एक आदिवासी वस्ती लागायची. त्या वस्तीचा वडीलधारा होता पाक बिलुंग. पाक म्हणजे बाबा. गुणवंत मोडकीतोडकी मलय बोली शिकला होता, तेवढ्यावर दोघांचं जमलं. बिलुंगचा मुलगा आपुई विशीतला, इंजिनांचा नादी. कंपनीचा तिथला माणूस होता शौकत, आसामातल्या होजाईचा. त्याच्या तळावर आपुई चहाला जायचा, होडीचं इंजीन खोलायचा, जोडायचा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ते खटकायचं.

शहाण्णव साली बिलुंग गुणवंतला नदीपलीकडच्या टेकडीवर घेऊन गेला, आपुईही बरोबर होता. झाडी सुरू होते तिथं म्हाताऱ्यानं कोयता जमिनीत रोवून ठेवला. गुणवंतनं आत नजर टाकली. अंधार, वेली, पायाखाली कुजलेल्या पाल्याची गादी, कुठं कुऱ्हाडीचा घाव म्हणून नाही. त्यानं काही न विचारता बूट काढले. गावी देवराईत शिरताना काढायचा, तसे. बिलुंग त्याच्या पायांकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “तुमच्याकडेही आहे?” गुणवंत म्हणाला, “आहे.” वस्तीचे पूर्वज तिथं निजले होते. त्यांच्या अंगावरचं पांघरूण कोण ओढणार? त्या दिवसापर्यंत बाहेरचा एकही माणूस आत गेला नव्हता. परतताना आपुईनं हसत हसत गुणवंतचे बूट हातात धरून आणले.

शारजाला आल्यावर गुणवंत मोठ्या भाबडेपणानं मधूशेठच्या केबिनमध्ये गेला. म्हणाला, “शेठ, एक विनंती आहे. नदीपलीकडची टेकडी तेवढी सोडा. ती त्यांची देवराई आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागलेली नाही.”

काय बोलून गेलास रे बाबा! इंग्रज साहेब असता तर त्याला देवराई कळली नसती. मलबारी मॅनेजर असता तर त्यानं मान हलवून विषय सोडला असता. पण हे पडले संगमेश्वराचे. देवराई म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळलं. देवराई म्हणजे शेकडो वर्षांची झाडं, आणि जितकं झाड जुनं तितका ऊद भारी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बघू या. इन्शाल्ला.” गुणवंत समाधानानं घरी गेला.

पुढच्या वर्षी गोदामात पेट्या आल्या. गुणवंतनं एक तुकडा निखाऱ्यावर ठेवला. असा माल त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. खालच्या पेट्यांत पांढरं, बिनवासाचं लाकूड भरलेलं, म्हणजे बिनउदाची झाडंही उगीच मारलेली. त्यानं शौकतला तळावरच्या सॅटेलाइट फोनवर गाठलं. शौकत म्हणाला, “साब, टेकडी का है. अब उधर कुछ नहीं बचा.”

गुणवंत तसाच केबिनमध्ये गेला. “शेठ, तुम्ही शब्द दिला होता.”

“मी इन्शाल्ला म्हटलं होतं,” मधूशेठ म्हणाले. “आणि साळवी, ते रान सरकारी आहे. आपल्याकडे परमिट आहे. त्या लोकांच्या नावावर काय आहे? एक कागद दाखव. शिवाय आपण जनरेटर दिलाय, पोरांना फुटबॉलच्या जर्सी दिल्यात. अजून काय करायचं?” मग त्यांनी नवं ब्रोशर पुढं सरकवलं. पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं: जिथं पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागली नाही, अशा रानातला ऊद. गुणवंतचंच वाक्य. रिसेप्शनवर अरब गिऱ्हाइकं ते वाचून माना डोलवत होती.

महिन्याभरानं ऑफिसात फोन वाजला. पलीकडे बिलुंग. नदी उतरून तो शहरातल्या फोनच्या दुकानात आला होता. हातात गुणवंतनं कधीकाळी दिलेलं कार्ड. म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बोलत होता, म्हणून ओरडत होता. शिव्या देईल, असं गुणवंतला वाटलं. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

बिलुंग म्हणाला, “टेकडीचं कंपनीला कुणीतरी सांगितलं. वस्ती म्हणते, आपुईनं सांगितलं. तो तिथं चहाला जायचा. तो नाही म्हणतो, पण कुणी ऐकत नाही. मी त्याला घराबाहेर काढलं. काढावंच लागलं. आता होडीच्या धक्क्यावर बसून असतो. तुम्ही कंपनीत आहात. खरं कुणी सांगितलं ते विचारा. तुम्ही सांगाल ते वस्ती मानेल. तुम्ही बूट काढले होते.”

समोरच्या काचेपलीकडे मधूशेठ बसलेले. त्यांच्या ड्रॉवरमध्ये गुणवंतचा पासपोर्ट, व्हिसा रिन्यूअलसाठी ठेवलेला. गुणवंतनं काचेकडे पाठ केली. तो म्हणाला, “विचारून सांगतो. इन्शाल्ला.”

“देवाचं नाव घेतलंत, आता काळजी नाही,” म्हातारा म्हणाला. “पुढच्या पौर्णिमेला मी पुन्हा येतो.”

घरी त्यानं अनुराधाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले. “अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तो पोरगा बाहेर बसलाय ना?”

“शेठ समोर होते. व्हिसा अडकलाय, अनु. इथून हाकलला तर अवनीची दहावी बुडेल.”

“मग शौकतकरवी निरोप धाडा.”

“शौकत शेठला सांगेल. पौर्णिमेला फोन येणारच आहे. तेव्हा सांगतो. तोवर पासपोर्ट हातात येईल.”

“पौर्णिमेपर्यंत त्याच्या आईच्या घशाखाली घास कसा उतरायचा, याचा विचार केलात?” ती एवढंच बोलली आणि परत कणकेला लागली. त्या महिन्यात नवराबायकोत कामापुरतंच बोलणं झालं. गुणवंत वाईट माणूस नव्हता हो. भ्याला. घरदार असलेला माणूस परक्या मुलखात भितो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाचं तरी घरदार मोजतं.

पासपोर्ट आला, शिक्का बसला, पौर्णिमाही आली. फोन वाजला तसा त्यानं केबिनचं दार सताड उघडलं. मधूशेठना ऐकू जावं म्हणूनच. आणि म्हणाला, “पाक बिलुंग, मीच सांगितलं. टेकडी वाचावी म्हणून सांगितलं, पण सांगितलं मीच. आपुईनं काही केलेलं नाही.”

म्हातारा म्हणाला, “परत बोला. त्याची आई इथं आहे, तिला ऐकवतो.”

गुणवंतनं सगळं पुन्हा सांगितलं. एका आईला, जिला त्यानं फक्त चुलीपाशी पाठमोरं पाहिलं होतं. ती रडली नाही. सावकाश, लहान मुलाला समजवावं तशी बोलली. “तो रोज विचारायचा, फोन आला का? मी लपूनछपून भात पाठवायची. खूप दिवस बसला. मग पामतेलाच्या मळ्यावर माणसं न्यायला एक बोट आली, तिच्यात चढला. कुठला मळा, कुणाला ठाऊक नाही. आज चार दिवस झाले.” मग तिनं विचारलं, “तुमच्या ऑफिसात पुष्कळ फोन आहेत ना? त्याला एक करा.”

मधूशेठनी नोकरीवरून काढायच्या आधीच गुणवंतनं राजीनामा दिला. पुढं शारजातच एका कार्गो कंपनीत लागला. दर शुक्रवारी फोनकार्ड घेऊन तो बोर्निओतल्या मळ्यांच्या ऑफिसांना फोन लावायचा, आपुई नावाचा मुलगा आहे का म्हणून. कुणी विचारायचं, कुठला आपुई? मळे तर वाढतच चालले होते. जिथं रान जळून मोकळं होई, तिथं नवा मळा उभा राही. दोन हजार एक साली शौकतकडून कळलं की बिलुंग गेला. आपुईची आई रोज धक्क्यावर जाऊन बसते.

अवनी तोवर कॉलेजात गेली होती. एका शुक्रवारी तिनं विचारलं, “बाबा, सपोज यू फाइंड हिम. व्हॉट विल यू से?”

गुणवंत म्हणाला, “घरी जा म्हणेन.” मग डोळे पुसून म्हणाला, “पण घरी म्हणजे कुठं, असं त्यानं विचारलं तर मी काय सांगू गं?”