भरल्या ताटावरून

ओळखीपाळखीतले लोक त्याला थंडोबा म्हणत आणि त्याच्या अंगात तर थंड असं काहीच नव्हतं. थंड होते ते त्याच्या हाताखालून जाणारे फ्रिज. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतली माणूस उभा मावेल एवढी कपाटं, मासळीच्या काचेच्या पेट्या, बर्फ पाडणारी यंत्रं, यातलं काहीही बंद पडलं की कंपनीतून फोन यायचा आणि हा पठ्ठ्या व्हॅन घेऊन सुटायचा. त्या परक्या, अवाढव्य शहरात पंचवीस वर्षं त्यानं हेच केलं. पायाला सदा भिंगरी. खुर्चीत बसला तरी एक गुडघा हलतच असायचा आणि टेबलावरचे चमचे किणकिण वाजायचे.

आता फ्रिज बिघडतात कधी? ऐन जेवणाच्या वेळी. तेव्हाच स्वयंपाकघर तापतं, दारं सारखी उघडमीट होतात आणि यंत्र दम टाकतं. म्हणजे लोक जेवायला बसले की याचा फोन वाजणार. बायको म्हणायची, "अहो, भरल्या ताटावरून उठू नये." हा तोवर बुटात पाय घालत असायचा. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला मेणबत्त्या विझल्या, तिनं केकवर सुरी टेकवली आणि फोन आला. त्या दिवसाच्या फोटोत सगळे आहेत, हा नाही.

बाहेर जेवायला जाणं तर त्याहून कठीण. ज्यानं सगळ्या शहराची स्वयंपाकघरं पाठीमागच्या दारानं पाहिली, त्यानं खावं कुठे? मेनूकार्ड उघडण्याआधी हा कान टवकारायचा. एकदा वेटरनं विचारलं, "काय आणू?" तर हा म्हणाला, "तुमच्या आतल्या कपाटाचा पंखा घासतोय." आणि गेला की आत. मायलेकी चाळीस मिनिटं एकमेकींची तोंडं बघत बसल्या, सूप गार झालं. लेक तेव्हा पंधराची होती. त्यानंतर आईबापांबरोबर हॉटेलात जायचा विषय तिनं कधी काढला नाही. त्यानंही काढला नाही. सुटलो, असंच वाटलं असेल त्याला.

ती आता चोवीस वर्षांची झाली होती आणि दुसऱ्या देशात नोकरीला चालली होती. विमानानं अकरा तास. रविवारी सकाळी निघायचं होतं. त्याच्या दोन आठवडे आधी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, जायच्या आधी मला तुझ्याबरोबर सुशी खायचीय."

"माझ्याबरोबर?"

"तुझ्याबरोबर. चांगली कुठे मिळते ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण पैसे मी देणार, तेव्हा माझ्या खिशाला झेपेल असं शोध." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आणि एकच अट. शेवटच्या घासापर्यंत उठायचं नाही."

हे ती हसत म्हणाली. चोवीस वर्षांत पोरीनं मागितलं काय, तर एक जेवण. तेही धड देता येईल याची त्याला खात्री नव्हती.

बायकोनं हात वर केले. ती मासे खात नसे. "मला त्यात ओढू नका. भात गार, मासा कच्चा. मग त्यांनी शिजवलं काय, कपाळ?"

थंडोबानं मनातल्या मनात यादी चाळली. सुशीची दोन दुकानं त्याला माहीत होती, जिथल्या पेट्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. पण तिथे बिलाचा कागद पालथा ठेवतात, माणसाला एकदम धक्का बसू नये म्हणून. पोरीचा नव्या नोकरीतला पहिला पगारही व्हायचा होता. स्वस्तातली आठदहा दुकानं होती. ती त्यानं आतून पाहिली होती, एवढंच बोलतो. पट्ट्यावरून बश्या फिरतात त्या दुकानांत तर फिरून फिरून माशालाच घेरी आली असेल. म्हणजे चांगलं ते परवडत नाही आणि परवडतं ते घशाखाली उतरत नाही. अशा वेळी शहाणा माणूस कोणाला तरी विचारतो. थंडोबा विचारणार नाही, स्वतः तपासणार.

मग तो दुपारच्या सुट्टीत एकेक अनोळखी दुकान धुंडाळू लागला. पहिल्याच ठिकाणी घोळ झाला. समोर बशी आली. त्यानं सवयीनं खिशातून सळईचा थर्मामीटर काढला आणि माशाच्या तुकड्यात खुपसला. आकडा स्थिर व्हायची वाट बघत होता, तेवढ्यात काउंटरमागचा माणूस पांढराफटक पडला. मॅनेजर घाम पुसत धावत आला, "साहेब" म्हणाला, फुकट सूप ठेवलं. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांच्या पुढ्यातल्या बश्या भराभर उचलल्या जाऊ लागल्या, तेव्हा थंडोबाला उमगलं की आपल्याला सरकारी तपासनीस समजलेत. आणि इथली सुशी कशी आहे, तेही उमगलं.

दुसऱ्या ठिकाणी मासा बरा, पण भाताचा लगदा. तिसऱ्या ठिकाणी भात बरा, पण बशी बघून पोरीच्या पोटाला आधार व्हायला अशा पाच लागतील, हे दिसत होतं. चौथ्या ठिकाणी बसायच्या आधीच फोन आला. आठवडा गेला. तो झोपेतून लवकर उठू लागला, व्हॅनमधली हत्यारं पुन्हा पुन्हा लावू लागला. बायको म्हणाली, "पोरीसाठी स्थळं बघायला एवढे हिंडला असता, तर एव्हाना नातवंडं खेळवली असती." त्यावर तो पुढच्या दुकानाचा पत्ता शोधू लागला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तो फ्रिजच्या दारांचं रबर आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदार गल्ल्याशी बसून डब्यातून सुशीच खात होता.

"कुठली?" थंडोबानं विचारलं.

"गल्लीच्या टोकाची. शिंप्याच्या शेजारी. मी बारा वर्षं तिचीच खातोय."

त्या गल्लीत थंडोबा महिन्यातून चारदा व्हॅन लावत असे. पण ते दुकान त्याला ठाऊकच नव्हतं, कारण तिथून कधी फोन आला नव्हता. ज्यांचं बिघडतं तेवढ्यांनाच तो ओळखत होता, डॉक्टरला आजारीच माणसं दिसावीत तसा. एवढी साधी गोष्ट पंचवीस वर्षांत ध्यानात आली नाही याचा त्याला राग आला आणि तो तसाच, रबराची गुंडाळी खांद्यावर टाकून, तिकडे गेला.

सहा स्टुलं. साठीची एक बाई, बिनबोलकी. कोपऱ्यात एक जुनाट, लहान फ्रिज. थंडोबानं कान दिला, आवाज एकसारखा होता. त्यानं ओळख सांगून विचारलं, जरा आत बघू का? बाई म्हणाली, "बघायचं काय त्यात? सकाळी बाजारातून आणते, दुपारी दोनला संपतं, मी दार ओढून घेते. उरला तरच मासा शिळा होणार ना?"

बशी आली. त्यानं पहिला घास घेतला आणि दचकला. भात कोमट होता. हात खिशातल्या थर्मामीटरकडे गेला.

"भात अंगाच्या उबेइतकाच हवा," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "फ्रिजमध्ये ठेवला की खडे होतात. तुमच्या धंद्याचा नि माझ्या भाताचा उभा दावा."

त्यानं हात बाहेर काढला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. दाणा न् दाणा सुटा आणि तरी एकमेकांना धरून. मासा असा की तोंडात आहे म्हणेपर्यंत गेला. पोटभर खाल्लं आणि बिल दोन सँडविचांएवढं. अडचण एकच होती. रविवारी बाजार बंद, म्हणून दुकान बंद. आठवड्याच्या दिवशी लेकीचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. राहिला शनिवार, दुपारी एक. आणि त्या शनिवारी फोनची पाळी नेमकी त्याची. सहकाऱ्याला त्यानं पाळी बदलून मागितली, तर त्याची त्या दिवशी दाढ काढायची होती. दाढेपुढे कोणाचं चालतं?

शनिवारी ऊन असं तापलं की शहरातल्या यंत्रांनी संपच पुकारला. सकाळपासून तीन फोन. तिसरा एका खाटकाकडचा. तिथे पंख्याची मोटर बदलताना एक वाजला. सव्वा वाजला. हात चालत होते, पण डोकं त्या सहा स्टुलांपाशी होतं. स्क्रू हातातून दोनदा पडला. मोटर फिरली तसा तो सही घ्यायलाही विसरून पळाला. सिग्नल लाल, पुढचाही लाल. स्टिअरिंगवर बोटं आपटत तो स्वतःलाच शिव्या घालत होता. दोनला ती बाई दार ओढणार. उद्या सकाळी पोरगी जाणार. मग कसली सुशी आणि कसलं काय.

पावणेदोनला तो दारात पोचला. लेक टोकाच्या स्टुलावर बसलेली होती. ती रागावलेली नव्हती आणि हेच त्याला जास्त लागलं. तिनं सोबत वाचायला पुस्तक आणलं होतं. बाप उशिरा येणार हे धरूनच ती घरातून निघाली होती.

"दोघांचं राखून ठेवलंय," बाई म्हणाली आणि दाराला आतून कडी लावून टाकली.

ते जेवू लागले. लेकीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि नुसती मान हलवली. थंडोबाच्या जिवात जीव आला. पण गुडघा थांबेना. काउंटरवरच्या बश्या बारीक थरथरत होत्या. लेकीनं खाली बघितलं.

"मला लहानपणी वाटायचं, तुला आमच्याबरोबर बसायला आवडत नाही."

"अगं, नाही गं."

"मग?"

त्यानं घास खाली ठेवला. ही गोष्ट त्यानं घरात कधी काढली नव्हती. बायकोला माहीत होती, पण तीही बोलायची नाही. "तू सहा महिन्यांची होतीस," तो म्हणाला. "तेव्हा दुसऱ्या कंपनीत होतो. एका रविवारी जेवताना फोन आला. तू मांडीवर झोपली होतीस. म्हटलं, जेवण होऊ दे, मग करतो. सोमवारी कामावर गेलो तर माझ्या जागी दुसरा माणूस उभा. तीन महिने घरी बसलो. तुझ्या दुधाची पावडर शेजारीण आणून द्यायची. तेव्हापासून फोन वाजला की मला वाटतं, आता नाही गेलो तर संपलं."

"अजून वाटतं?"

"अजून वाटतं."

तेवढ्यात फोन वाजला.

थंडोबा अर्धा उठलासुद्धा. एक पाय जमिनीवर, एक हात खिशात. फोन काढला तो काढला, पण पुढे काय करावं ते त्याला कळेना. बशीत चार घास शिल्लक होते. अट त्याला आठवत होती आणि ती दुधाची पावडरही आठवत होती. तो तसाच वाकून उभा राहिला. काउंटरमागे बाई सुरी पुसत होती, तिचा हात थांबला.

लेकीनं हात पुढे करून फोन त्याच्या बोटांतून काढून घेतला.

"हॅलो," ती म्हणाली. त्या शहराची भाषा तो अजून अडखळत बोलायचा, ती तिथेच जन्मलेली. "मी त्यांची मुलगी बोलतेय. हो, आहेत, इथेच आहेत. ते जेवताहेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं त्याच्या बशीकडे बघितलं. "वीस मिनिटं. जेवण झालं की निघतील."

पलीकडे कंपनीतली फोनवाली बाई होती. तिचा आवाज त्यालाही ऐकू आला.

"बरं," ती म्हणाली. "सांगते तसं गिऱ्हाइकाला."

आणि फोन बंद झाला. एवढंच. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की तिकडून काहीतरी भयंकर उत्तर येईल.

तो स्टुलावर बसला. चारातला एक घास उचलून तोंडात घातला, पण तो काही केल्या घशाखाली उतरेना. डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. लेकीनं पाण्याचा पेला त्याच्या पुढे सरकवला.

"सावकाश, बाबा," ती म्हणाली.